एका शब्दाची उणीव : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खुल्या परवान्याची कहाणी

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात गिझमोडो या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने एका फुटलेल्या कायदेशीर मसुद्याची बातमी दिली. मसुदा नऊ हजारांहून अधिक शब्दांचा होता. तो ज्या जुन्या परवान्याची जागा घेणार होता, तो नऊशे शब्दांचाही नव्हता. आणि विषय तरी कोणता? कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ. तरीही पुढच्या तीन आठवड्यांत हजारो लोकांनी आपली वर्गणी रद्द केली, प्रतिस्पर्धी प्रकाशक एकत्र आले आणि एका बलाढ्य कंपनीला जाहीर माघार घ्यावी लागली. या गदारोळाच्या मुळाशी त्या जुन्या परवान्यात असलेला एक शब्द होता आणि त्यात नसलेला एक शब्द होता. हा धागा त्या दोन शब्दांचा.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण कथेचा सूत्रधार होतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे यशापयश अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. पट नाही, सोंगट्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी अडत नाही. म्हणजे दुकानात जाऊन विकत घ्यावे असे या खेळात मुळात फारसे काही नाहीच. विकले जाते ते पुस्तक : नियमांचे, राक्षसांच्या वर्णनांचे, तयार कथानकांचे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचे सगळे तंटे तिच्यातूनच निघाले आहेत.

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाहेर पडला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. खोक्यात तीन पातळ पुस्तिका. प्रकाशक होती गायगॅक्स आणि त्यांचा मित्र डॉन के यांनी आदल्याच वर्षी काढलेली टॅक्टिकल स्टडीज रूल्स ही कंपनी, जी पुढे टीएसआर या आद्याक्षरांनी ओळखली गेली. नियम अपुरे होते, जागोजागी संदिग्ध होते, आणि हीच त्यांची ताकद ठरली. वाचणाऱ्याला उरलेले स्वतः रचावे लागे. वर्षभरात ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' रचला. इलिनॉयमधल्या जजेस गिल्डने टीएसआरची परवानगी घेऊन एक अख्खे काल्पनिक नगर छापून विकायला सुरुवात केली. या खेळात प्रत्येक खेळाडू हा भावी लेखक असतो आणि प्रत्येक लेखक हा भावी प्रतिस्पर्धी.

मग खेळ कोणाच्या मालकीचा?

अमेरिकी कायद्याने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले होते, तेही खतावणीच्या निमित्ताने. १८७९ च्या बेकर विरुद्ध सेल्डन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हिशेब ठेवण्याची पद्धत समजावून सांगणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, त्या पद्धतीवर नव्हे. खेळांनाही हेच तत्त्व लागू पडते. वीस बाजूंचा फासा टाकून अमुक आकडा मिळवावा, ही कल्पना कोणाचीच नाही. ती कल्पना ज्या वाक्यांत मांडली आहे ती वाक्ये मात्र कोणाची तरी आहेत. आणि नावाचा हिशेब आणखी निराळा.

आपल्याकडच्या दोन पटांनी हे चांगले समजेल. ज्याचे जनकत्व महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते तो मोक्षपट इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने त्यातले साप काढून घसरगुंड्या घातल्या व 'शूट्स अँड लॅडर्स' या नावाने तो बाजारात आणला. पचिसीचे 'पार्चीसी' होऊन ते नाव व्यापारचिन्ह म्हणून १८७४ मध्येच नोंदले गेले होते. पट कोणीही रंगवावा, कवड्या कोणीही टाकाव्यात. नाव मात्र एकाच दुकानाचे. हॅस्ब्रो या कंपनीने १९८४ मध्ये मिल्टन ब्रॅडली विकत घेतली. हॅस्ब्रोचे हे नाव या कहाणीत पुन्हा येणार आहे.

कायदा असा अर्धा स्पष्ट आणि अर्धा धूसर असला, की त्या धुक्यात ज्याच्याकडे वकिलांना द्यायला पैसा असतो तोच राज्य करतो. नियम आणि नियमांची शब्दरचना यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठे, हे न्यायालयात गेल्याशिवाय कळत नाही आणि न्यायालयात जाण्याची ऐपत छोट्या प्रकाशकांपाशी नसते. टीएसआरने या धुक्याचा पुरेपूर उपयोग केला. मेफेअर गेम्स ही कंपनी 'रोल एड्स' नावाची पूरक पुस्तके काढत असे. तिच्याशी आधी करार झाला, मग खटला झाला आणि शेवटी टीएसआरने ती मालिकाच विकत घेऊन विषय संपवला. कंपनीतून बाहेर पडलेल्या खुद्द गायगॅक्सनी १९९२ मध्ये 'डेंजरस जर्नीज' हा नवा खेळ काढला, तर त्यांच्यावरही दावा लागला आणि तो खेळही टीएसआरच्याच पदरात पडून विस्मरणात गेला. १९९४ च्या सुमारास इंटरनेटवर आपापली रचलेली कथानके टाकणाऱ्या हौशी खेळाडूंनाही कंपनीने बंधने घातली. चाहते टीएसआर ही अक्षरे लिहिताना मधल्या एसच्या जागी डॉलरचे चिन्ह घालू लागले. ग्राहकच अशी थट्टा करू लागला म्हणजे दुकानाचे दिवस भरत आले, असे समजायला हरकत नसते.

आणि भरलेच. विकले न गेलेले साठे परत येऊ लागले, छापखान्याची देणी थकली, नवी पुस्तके निघेनाशी झाली. १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतली ती सिएटलजवळच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या तरुण कंपनीने. १९९३ मध्ये निघालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने तिच्याकडे अमाप पैसा आला होता.

या कंपनीच्या पूर्वायुष्यातला एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही, पण सांगायला हवा. पीटर ॲडकिसन यांनी १९९० मध्ये काढलेल्या विझार्ड्सचे पहिले पुस्तक होते १९९२ चे 'द प्रायमल ऑर्डर'. देवदेवतांना खेळात कसे आणावे याचे ते मार्गदर्शन होते आणि ते कोणत्याही खेळाला जोडता यावे म्हणून त्याच्या शेवटी इतर कंपन्यांच्या खेळांसाठी रूपांतराची कोष्टके दिलेली होती. पॅलेडियम या प्रकाशनसंस्थेने त्यावरून दावा ठोकला. नवजात कंपनी त्या खर्चाखाली चिरडण्याच्या बेतात होती. पत्त्यांचा खेळ त्या तडाख्यातून वाचावा म्हणून त्याचे हक्क एका वेगळ्या कंपनीच्या नावे ठेवण्यात आले. १९९३ च्या वसंतात तडजोड झाली, म्हणून निभावले. दुसऱ्याच्या खेळाला पूरक लिहिल्याबद्दल कोर्टाची पायरी चढलेले हे लोक चार वर्षांनी त्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या खेळाचे मालक झाले. पुढे त्यांनी जे केले ते निव्वळ व्यापारी हिशेबाने केले असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. आणि ते निव्वळ औदार्याने केले असे म्हणणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद वाचावा.

रायन डॅन्सी हे विझार्ड्समध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा कारभार पाहू लागले होते. टीएसआरच्या पतनातून त्यांनी एक निष्कर्ष काढला : बाजारात पन्नास वेगवेगळ्या नियमपद्धती असल्या की खेळाडू पन्नास गटांत विखुरतात, आणि टेबलाभोवती बसायला चार माणसे मिळेनाशी झाली की खेळच संपतो. म्हणून सर्वांना एकाच पद्धतीवर लिहू द्यावे. छोट्या प्रकाशकांनी कथानके काढावीत. त्या पातळ पुस्तिकांत नफा बेताचाच असतो. त्या खेळायला लागणारे जाडजूड नियमपुस्तक मात्र विझार्ड्सचे विकले जाईल. या विचाराला चौकट मिळाली संगणकाच्या जगातून. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू परवान्याने आज्ञावलीबाबत जे केले होते, ते खेळाच्या नियमांबाबत करायचे ठरले : घ्या, बदला, विका, पण जे घेतले ते पुढच्यासाठीही खुले ठेवा.

२००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल. नियमांचा गाभा एका संदर्भग्रंथाच्या रूपाने फुकट उपलब्ध झाला. हॅस्ब्रोने आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, विझार्ड्सला सुमारे ३२.५ कोटी डॉलरना विकत घेतले होते. म्हणजे जगातल्या एका अवाढव्य खेळणी-कंपनीच्या छपराखालून ही मोकळीक बाहेर पडली.

पण नक्की कसली मोकळीक? नियम तर कायद्यानेच कोणाच्या मालकीचे नव्हते. मग ओजीएलने दिले काय? शिवकाळातील कौलनामे ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे चटकन उमगेल. परागंदा झालेल्या रयतेला किंवा बिचकलेल्या सावकार-व्यापाऱ्याला सरकार कौल देई : या, वस्ती करा, तुम्हाला तसदी लागणार नाही. कौलाने जमीन निर्माण होत नसे; जमीन होतीच. कौलाने भय जाई. ओजीएल हा असा अभयाचा कौल होता. सीमारेषा कुठे आहे याचा वाद न घालता, या कुंपणाच्या आत जे लिहाल त्याबद्दल आम्ही तुम्हाला कोर्टात खेचणार नाही, एवढेच त्याचे सार. वीस वर्षे ज्या धंद्यात दाव्यांची दहशत होती तिथे एवढे पुरेसे होते.

अर्थात कौलाला अटी होत्या. परवान्याने मजकुराचे दोन भाग पाडले. एक खुला आशय, जो कोणीही उचलावा. दुसरा उत्पादनाची ओळख, म्हणजे नावे, पात्रे, जगे आणि काही खास राक्षस. त्यांना हात लावायचा नाही. अनेक डोळ्यांचा बिहोल्डर आणि मेंदू खाणारा माइंड फ्लेअर हे या राखीव कुरणातले. शिवाय परवाना घेणाऱ्याने दुसऱ्याच्या नाममुद्रेचा उल्लेख करून 'आमचे पुस्तक अमक्या खेळाशी जुळते' असेही छापायचे नाही. एरवी कायद्याने हे सांगण्याला बहुधा आडकाठी नसती. तो हक्क प्रकाशकांनी सही करून सोडून दिला. मग गंमत झाली. पतीचे नाव न उच्चारणाऱ्या जुन्या काळच्या स्त्रिया जशा 'हे' म्हणून वेळ निभावत, तशी शेकडो पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'जगातला सर्वांत लोकप्रिय भूमिकाखेळ' असा मोघम उल्लेख येऊ लागला. कोणता, ते सगळ्यांना ठाऊक.

नाव हवेच असेल त्यांच्यासाठी दुसरा परवाना होता, डी-ट्वेंटी या चिन्हाचा. चिन्ह मुखपृष्ठावर छापायचे, पण अट अशी की पात्र कसे तयार करावे आणि अनुभवाने ते कसे वाढवावे हे पुस्तकात सांगायचे नाही. त्यासाठी वाचकाने विझार्ड्सचेच पुस्तक घ्यावे. डॅन्सींच्या हिशेबाची किल्ली ती ही. दोन परवान्यांतला फरकही ध्यानात घ्यावा : चिन्हाचा परवाना कंपनी मागे घेऊ शकत होती. ओजीएलबद्दल मात्र तो शाश्वत असल्याचे त्यातच लिहिले होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला या परवान्यातले पंधरावे कलम सर्वांत प्रिय वाटावे. ज्या-ज्या ग्रंथातून खुला आशय घेतला त्या प्रत्येकाचे नाव, वर्ष आणि हक्कदार शेवटच्या पानावर नोंदवणे बंधनकारक होते, आणि त्या ग्रंथाने ज्यांच्याकडून घेतले होते त्यांचेही. कुलवृत्तान्तातल्या वंशावळीसारखी ही यादी पिढ्यान्‌पिढ्या लांबत जाई. एखाद्या २०१५ सालच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या बारीक टायपात बुडालेल्या प्रकाशनसंस्थांची, विस्मृतीत गेलेल्या राक्षससंग्रहांची नावे आढळतात. कोणत्याही बखरकाराने आपल्या साधनांची इतकी प्रामाणिक नोंद ठेवलेली नाही. वकिली सक्तीने का होईना, ठेवली गेली.

पहिली लाट मोठी होती. ऑगस्ट २००० मध्ये जेन कॉन या मेळाव्यात विझार्ड्सचे नियमपुस्तक विक्रीला आले त्याच वेळी ॲटलस गेम्सचे 'थ्री डेज टु किल' हे जॉन टाइन्स यांचे कथानकही शेजारी मांडलेले होते. पुढच्या तीन वर्षांत डी-ट्वेंटीचे चिन्ह मिरवणाऱ्या पुस्तकांनी दुकाने भरून गेली. त्यात उत्तम होते आणि सुमारही भरपूर होते. २००३ मध्ये विझार्ड्सने साडेतीन क्रमांकाची सुधारित आवृत्ती काढली आणि जुन्या नियमांवरचा सगळा साठा एका झटक्यात शिळा झाला. कित्येक छोट्या संस्था त्यात बुडाल्या. कौल खरा होता, पण कौलाने पाऊस पडत नाही.

डॅन्सींच्या हिशेबाला दुसरीकडूनही भगदाड पडत होते. ग्रीन रोनिनने २००२ मध्ये 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स' हा अतिमानवांचा खेळ काढला, तो डी-ट्वेंटीच्या चिन्हाशिवाय. चिन्ह नाही म्हणजे त्याची अटही नाही. पात्र घडवण्याचे नियम त्यातच होते. विझार्ड्सचे पुस्तक विकत घेण्याची गरजच उरली नाही. मंगूस या इंग्लिश प्रकाशकाने तर संदर्भग्रंथातले खुले नियमच खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकात छापले. चिन्हावाचूनही माणसे खेळतात, हे एकदा दिसले की गुपित फुटल्यासारखेच असते.

आता लिसा स्टीव्हन्स यांच्याकडे वळू. विझार्ड्सच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी त्या एक. २००२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी पायझो ही संस्था काढली आणि 'ड्रॅगन' व 'डंजन' ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला वाहिलेली दोन मासिके विझार्ड्सच्या परवान्यावर चालवायला घेतली. 'ड्रॅगन' तर १९७६ पासूनचे. एप्रिल २००७ मध्ये जाहीर झाले की परवान्याचे नूतनीकरण होणार नाही आणि मासिके त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर छापली जाणार नाहीत. ज्या संस्थेचे घर या दोन मासिकांवर चालत होते तिच्या पायाखालची जमीन गेली. पायझोने त्याच ऑगस्टमध्ये 'पाथफाइंडर' नावाची मासिक कथानकमालिका सुरू केली. नियम तेच, साडेतीनचे, ओजीएलखाली. आणि त्याच ऑगस्टमध्ये जेन कॉनला विझार्ड्सने चौथ्या आवृत्तीची घोषणा केली. म्हणजे पायझोची नवी मालिका ज्या नियमांवर उभी होती, ते नियम दुकानातून जाणार होते.

चौथ्या आवृत्तीसाठी ओजीएल नव्हता. त्याऐवजी येणाऱ्या नव्या परवान्याचा मसुदा महिनोन्‌महिने प्रकाशकांच्या हाती पडेना. थांबावे तर पुढच्या वर्षीची छपाई ठरवता येत नाही; न थांबावे तर मृत नियमांवर पैसा लावायचा. मार्च २००८ मध्ये पायझोने निर्णय घेतला : जुने नियम आपणच जिवंत ठेवायचे. जेसन बुल्मान यांनी सुधारलेला खर्डा खेळाडूंसमोर ठेवला आणि वर्षभर तो उघडपणे तपासला गेला. जूनमध्ये विझार्ड्सचा नवा परवाना अखेर आला. त्यात अट होती की एखादी मालिका चौथ्या आवृत्तीत आणली तर तिची ओजीएलखालची जुनी पुस्तके बंद करावी लागतील. पुढच्या वर्षी ही अट मागे घेतली गेली, पण तोवर उशीर झाला होता. ऑगस्ट २००९ मध्ये ५७६ पानांचे पाथफाइंडर नियमपुस्तक आले. २०११ पर्यंत अमेरिकी दुकानदारांकडच्या पाहण्यांत ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पुढे गेलेले दिसू लागले.

हे कसे घडले याचा विचार करताना थांबायला होते. स्वतःच्याच जुन्या नियमांनी, स्वतःच दिलेल्या परवान्याखाली, स्वतःच्याच माजी सहकाऱ्यांनी मूळ नाममुद्रेला मागे टाकले. नाव हॅस्ब्रोकडे होते. खेळाडूंना जो खेळ आपला वाटत होता तो मात्र दुसऱ्या नावाखाली नांदत होता. व्यापारी मंडळींच्या मनात नाव म्हणजेच खेळ असतो. खेळणाऱ्याच्या मनात खेळ म्हणजे शुक्रवारची रात्र, तेच चार मित्र आणि पाठ झालेले नियम.

याच सुमारास आणखी मागे जाणारेही निघाले. २००६ च्या 'ऑसरिक'ने तिसऱ्या आवृत्तीचे खुले शब्द वापरून १९७० च्या दशकातली, छपाईतून गेलेली पहिली ॲडव्हान्स्ड आवृत्ती पुन्हा उभी केली. जीर्णोद्धारच तो, फक्त दगड नव्या देवळाचे आणि आराखडा जुन्याचा. ज्यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'शी काही संबंध नव्हता त्या खेळांनीही आपले नियम खुले करण्यासाठी ओजीएल स्वीकारला. 'फेट' हा त्यातला एक. एका कंपनीचा कागद अशा रीतीने सगळ्या पेठेचा रिवाज बनला.

विझार्ड्सने धडा घेतला. २०१४ ला पाचवी आवृत्ती आली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिचे नियम पुन्हा ओजीएलखाली खुले झाले. 'क्रिटिकल रोल'सारखे इंटरनेटवरील कार्यक्रम आणि 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका यांनी खेळ घराघरांत नेला. कोबोल्ड प्रेससारख्या संस्थांचा संसार त्या परवान्यावर उभा राहिला. नाव पुन्हा शिखरावर गेले. आणि शिखरावरून, डिसेंबर २०२२ मध्ये, कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितले की या नाममुद्रेतून म्हणावा तेवढा पैसा अद्याप काढलेला नाही.

फुटलेला मसुदा त्यानंतर काही आठवड्यांनी आला. वर्षाला साडेसात लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांनी त्यावरच्या रकमेचे वीस ते पंचवीस टक्के द्यावेत. नफ्याचे नव्हे, उत्पन्नाचे. छपाईच्या धंद्यात एवढा नफाच कोणाला सुटत नाही. परवान्याखाली जे लिहाल ते वापरण्याचा कायमचा हक्क विझार्ड्सला असेल. आणि सर्वांत जहाल वाक्य : जुना ओजीएल आता 'अधिकृत' राहिलेला नाही.

इथे ते दोन शब्द येतात. जुन्या परवान्याच्या नवव्या कलमात म्हटले होते की, परवान्याची कोणतीही 'अधिकृत' आवृत्ती वापरून खुला आशय घेता येईल. वीस वर्षे सर्वांनी याचा अर्थ लावला होता की नवी आवृत्ती नावडली तर जुनी वापरावी. विझार्ड्सच्या स्वतःच्या जुन्या प्रश्नोत्तरांतही तसेच सांगितलेले होते. आता कंपनी म्हणत होती की अधिकृत कोणती ते आम्ही ठरवू. परवाना शाश्वत आहे असे लिहिले होते. 'अपरिवर्तनीय', म्हणजे दिलेला परत घेता न येणारा, हा शब्द मात्र त्यात नव्हता. २००० मध्ये तो कोणाला सुचला नाही यात नवल नाही. ज्या जीएनयू परवान्याचा आदर्श समोर होता त्याच्या तेव्हाच्या आवृत्तीतही तो नव्हता, २००७ च्या आवृत्तीत आला.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हे दृश्य अनोळखी नाही. वंशपरंपरेने चालवावे म्हणून दिलेल्या इनामांच्या सनदा १८५२ च्या इनाम कमिशनपुढे मांडाव्या लागल्या, तेव्हाही प्रश्न तोच होता : देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का, आणि कागदावर नेमके काय लिहिले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला कागदातली फट पुरते.

फरक एवढाच की इथले वतनदार गप्प बसले नाहीत. खेळाडूंनी कंपनीच्या संकेतस्थळाच्या वर्गण्या रद्द करायला सुरुवात केली. १२ जानेवारीला पायझोने घोषणा केली की सर्व प्रकाशकांसाठी, कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला नवा परवाना तयार केला जाईल. त्याच्या नावाची आद्याक्षरे मुद्दाम 'ऑर्क' अशी जुळवली. तो लिहिण्याचे काम ज्या वकिली संस्थेकडे गेले तिचे एक संस्थापक ब्रायन लुइस हे २००० साली विझार्ड्सचे वकील होते आणि मूळ ओजीएलची कायदेशीर चौकट त्यांनीच आखली होती. गरज पडलीच तर जुना परवाना मागे घेता येत नाही हे न्यायालयात सांगण्याचीही तयारी पायझोने दाखवली. कोबोल्ड प्रेस, ग्रीन रोनिन, केऑसियम हे एरवीचे प्रतिस्पर्धी त्या घोषणेत सोबत होते. आपल्या नियमपुस्तकाचा आठ महिने पुरेल असा धरलेला साठा दोन आठवड्यांत संपल्याचे पायझोने सांगितले.

विझार्ड्सने १३ तारखेला एक ओशाळवाणे निवेदन काढले, १९ तारखेला सौम्य केलेला मसुदा आणला आणि त्यावर मते मागवली. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली. ८८ टक्के लोकांनी या परवान्याखाली काही प्रकाशित करणार नाही असे सांगितले. जुना परवाना रद्द करण्यावर ८९ टक्के नाराज होते. २७ जानेवारीला कंपनीने लढाई सोडली. जुना ओजीएल जसाच्या तसा राहील, आणि पाचव्या आवृत्तीचा चारशे पानांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला जाईल. तो परवाना विझार्ड्सचा नाही, त्यामुळे तो बदलणे विझार्ड्सच्या हाती नाही.

गेलेला विश्वास मात्र परत आला नाही. कोबोल्ड प्रेसने 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' हा स्वतःचा खेळ काढला. २०२३ च्या मध्यावर ऑर्क परवाना पूर्ण झाला आणि नोव्हेंबरमध्ये पायझोने पाथफाइंडरची पुस्तके नव्याने छापली. त्यासाठी संपादकांना जुन्या घरातली एकेक वस्तू शोधून बाहेर काढावी लागली. पात्रांचे सत्-असत् ठरवणारी नऊ खणांची जुनी चौकट गेली. रंगावरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. 'मॅजिक मिसाइल' हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसलेला मंत्र 'फोर्स बराज' झाला. आणि शेवटच्या पानावरची, पंधराव्या कलमाची ती लांबलचक वंशावळही गेली. नव्या घरात ती लागत नव्हती.

एप्रिल २०२५ मध्ये विझार्ड्सने सुधारित नियमांचा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला, तो थेट क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच. त्या परवान्यात जगभर, विनामूल्य वगैरे विशेषणांच्या रांगेत 'अपरिवर्तनीय' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. ऑर्कमध्येही आहे.